समतोल तराजू

बँकेच्या नोकरीत असताना कर्ज थकलेले अनेक व्यापारी माझ्यासमोर मान खाली घालून बसत. थकलेले असे ते खाते, माणूस नव्हे. पण हे त्यांना पटेल अशा रीतीने सांगणे मला कधी जमले नाही.

ते शब्द निवृत्तीनंतर मायमोनिडीज या ज्यू धर्मपंडितांच्या लेखनात सापडले. बाराव्या शतकात इजिप्तमध्ये वैद्यकी करणाऱ्या या विद्वानांनी ‘मिश्ने तोरा’ या धर्मसंहितेत पश्चात्तापाचा विचार मांडला आहे. माणसाने वर्षभर स्वतःला अर्धा पुण्यवान आणि अर्धा दोषी मानावे, असे ते सांगतात. पारडी समतोल असतील, तर पुढचे एकच सत्कृत्य तराजू झुकवू शकते. केवळ स्वतःचा नव्हे, साऱ्या जगाचा. या दृष्टीत आत्मस्तुती नाही, तसा आत्मधिक्कारही नाही. दोषाला सूटही नाही. दुसऱ्याचे नुकसान भरून द्यावे आणि त्याची क्षमा मागावी, असे ते बजावतात.

तोटा त्यांनी स्वतः सोसला होता. व्यापार करून कुटुंब चालविणारा त्यांचा धाकटा भाऊ हिंदी महासागरात बुडाला. त्याच्याबरोबर इतरांचे भांडवलही गेले. मायमोनिडीज सुमारे वर्षभर अंथरुणाला खिळले. पुढे ते उठले आणि वैद्यकीवर घर चालवू लागले. 1204 मध्ये त्यांचे निधन झाले, तेव्हा त्यांची ख्याती दूरवर पसरली होती.

वहीत मागील बाकी पुढे ओढावीच लागते; परंतु तिच्याखालची पहिली नोंद कोणती करावी, हे आपल्याच हाती असते.