इंग्रजी विभाग कशासाठी?

दर्जा तपासणाऱ्या ‘नॅक’चे मूल्यांकन जवळ आले की महाविद्यालयातल्या इंग्रजी विभागाबाहेर ध्येय-उद्दिष्टांचा फलक लागतो. संभाषणकौशल्य, व्यक्तिमत्त्वविकास, रोजगार असे शब्द त्यावर आधी येतात आणि साहित्य असलेच तर शेवटच्या ओळीत. माझ्या मते हा क्रम उलटा आहे. इंग्रजी विभागाचे पहिले काम बारकाईने वाचायला शिकवणे हे आहे, आणि महाराष्ट्रात या विभागांच्या हातून जे मोलाचे घडले ते याच कामातून घडले.

या विषयाचा जन्म निर्मळ नव्हता, हे आधी मान्य केले पाहिजे. खुद्द इंग्लंडमधली जुनी विद्यापीठे दीर्घकाळ ग्रीक-लॅटिनलाच धरून होती. इंग्रजी साहित्याचा स्वतंत्र पदवी अभ्यासक्रम ऑक्सफर्डला 1894 मध्ये आणि केंब्रिजला 1917 मध्ये सुरू झाला. हिंदुस्थानात मात्र 1835 च्या मेकॉलेच्या टिपणानंतर इंग्रजी शिक्षणाला सरकारी बळ मिळाले आणि 1857 मध्ये मुंबई विद्यापीठ निघाले ते इंग्रजी घेऊनच. राज्यकर्त्यांना उघड धर्मशिक्षण देता येत नव्हते, म्हणून नीती आणि राज्यनिष्ठा रुजवण्याचे काम साहित्याकडून करून घेतले गेले, असे गौरी विश्वनाथन यांनी ‘मास्क्स ऑफ कॉन्क्वेस्ट’ या 1989 च्या ग्रंथात दाखवून दिले आहे. त्याच काळात मराठी विद्यापीठाच्या परीक्षांतून मागे ढकलली गेली आणि तिला परत आणण्यासाठी न्यायमूर्ती रानड्यांना वर्षानुवर्षे झगडावे लागले. तेव्हा इंग्रजी विभाग ही साम्राज्याची पैदास आहे, हा आक्षेप खोटा नाही. तो अपुरा आहे.

अपुरा अशासाठी, की ज्यांना निष्ठावंत बनवायचे होते ते वाचक झाले, आणि वाचकावर कोणाची सत्ता फार काळ चालत नाही. आगरकरांनी ‘हॅम्लेट’ मराठीत आणले ते 1883 मध्ये, ‘विकारविलसित’ या नावाने. दोनच वर्षांनी त्यांच्या मंडळींनी फर्ग्युसन महाविद्यालय उभे केले. पुढे विंदा करंदीकरांनी मुंबईत इंग्रजी शिकवता शिकवता मराठी कविता घडवली आणि ॲरिस्टॉटलचे काव्यशास्त्र, ‘किंग लिअर’ व ‘फाउस्ट’ मराठीत आणले. रा. भा. पाटणकर इंग्रजीचे प्राध्यापक. त्यांची ‘सौंदर्यमीमांसा’ (1974) मात्र मराठीत लिहिलेली. सगळ्यात बोलके उदाहरण भालचंद्र नेमाड्यांचे. नगर, धुळे, औरंगाबाद, लंडन, गोवा अशा ठिकाणी ज्यांनी अध्यापन केले, गोवा विद्यापीठात ज्यांनी इंग्रजी विभागाचे प्रमुखपद सांभाळले, त्यांनीच, साहित्य आपल्याच मातीतून आणि परंपरेतून उगवावे असे म्हणणारा देशीवाद मांडला. साम्राज्याच्या साहित्यविचारावरची इतकी कडवी टीका इंग्रजीच्या प्राध्यापकाकडून यावी, यात या विभागाची खरी ताकद दिसते.

ही मोजकी प्रतिभावंत माणसे कुठेही चमकली असती, असे कोणी म्हणेल. असेलही. पण वाचनाची शिस्त प्रतिभावंतांपुरती नसते. ‘किंग लिअर’चा पहिला प्रवेश घ्या. म्हातारा राजा मुलींना विचारतो, तुमचे माझ्यावर प्रेम किती? थोरल्या दोघी शब्दांचे डोंगर रचतात, धाकटी नकार देते. धाकटीचा हा ताठा की सचोटी? राजा नुसता फसतो, की त्याला फसायचेच असते? शिक्षकाने वर्गाला हे विचारले आणि उत्तर संहितेतूनच काढून दाखवायला लावले, तर वीस वर्षांच्या मुलाला खुशामतीची भाषा ओळखता येऊ लागते. निवडणुकीच्या सभेत आणि जाहिरातीपुढे हीच ओळख कामाला येते. तयार गाइडमधून ती मिळत नाही, आणि आपल्या कित्येक विभागांनी गाइडांपुढे मान तुकवली, हा त्यांचा मोठा दोष आहे.

दुसरा आक्षेप पोटाचा आहे आणि तो सर्वांत गंभीर आहे. घरात पहिल्यांदाच कॉलेजची पायरी चढणाऱ्या मुलीला मुलाखतीत चार वाक्ये नीट बोलता आली पाहिजेत. तिने शेक्सपिअर का वाचावा? बोलणे तिला शिकवलेच पाहिजे, आणि ‘कंपल्सरी इंग्लिश’चा तास त्यासाठीच चोख वापरावा. पण मुख्य विषय म्हणून ‘स्पेशल इंग्लिश’ घेणाऱ्यालाही अर्ज आणि ई-मेलचे नमुनेच पाठ करायला लावले, तर गरिबाच्या मुलीला कारकुनीपुरती इंग्रजी आणि श्रीमंताच्या मुलाला साहित्य अशी वाटणी होते. ती अन्यायाची आहे. शिवाय ज्याने काही वाचलेलेच नाही, त्याचे बोलणे नमुन्यातल्या वाक्यांपाशीच अडखळते.

म्हणून पालकांना आणि विद्यार्थ्यांना एक विनंती. प्रवेश घेण्याआधी इंग्रजी विभागात जाऊन विचारा: वर्षभरात अख्खी पुस्तके किती वाचून घेता, आणि त्यातले काही मराठीत उतरवायला लावता का?