पातळ कापड, मोठे काम

जुने मऊ धोतर उजेडात धरून पाहा. उभे-आडवे धागे दिसतील. त्यांच्यामध्ये बारीक भोके दिसतील. पातळ कापडाचे निम्मे काम ही भोकेच करतात.

चक्का करायचा तर आपण दही फडक्यात बांधून टांगतो. पाणी गळून जाते, चक्का आत राहतो. मच्छरदाणीतून वारा येतो, डास येत नाही. दवाखान्यात जखमेवर जाळीदार पट्टी बांधतात. ती ओल शोषून घेते.

पण या कापडाचे सर्वांत मोठे काम आम्ही नारूच्या वेळी पाहिले. आम्ही मास्तर झालो तेव्हा गावात नारू होता. लोक पायऱ्यांच्या विहिरीत उतरून पाणी भरत. त्या पाण्यात बारीक किडे असत. नारूची पिल्ले त्या किड्यांच्या पोटात असत. ते पाणी पोटात गेले, की वर्षभराने पायातून दोन हात लांब नारू बाहेर पडे. ऐन सुगीत माणूस खाटेला खिळे. त्यावर औषध नव्हते.

मग लोक पाणी फडक्याने गाळू लागले. किडे फडक्यावर अडकले. गावोगावी हातपंपही आले. १९९६ साली देशातला शेवटचा रोगी सापडला. २००० साली भारत नारूमुक्त ठरला.

नारू गेला म्हणून गाळणे सोडू नका. फडके चौपदरी घ्या. रोज धुवा, उन्हात वाळवा. आणि गाळलेले पाणी उकळून प्या. कारण कित्येक रोगजंतू त्या भोकांहूनही बारीक असतात.