अंगणातली छत्री : पाहावी, खाऊ नये

परंडा तालुका पर्जन्यछायेतला. इथे पावसाची वाट पाहण्यातच बरेच दिवस जातात. पण दोन-तीन दिवस चांगली झड लागली, की घरापुढच्या हिरवळीत, शेणखत टाकलेल्या वाफ्यात किंवा तोडलेल्या लिंबाच्या बुंध्याशी रातोरात पांढऱ्या छत्र्या उभ्या राहतात. ‘कुत्र्याची छत्री’ म्हणून कोणी ती पायाने उडवतो, तर कोणाला ती भाजीची अळिंबी वाटते. ही दुसरी समजूत महागात पडू शकते.

छत्री हे जणू बुरशीचे फळ. खरी बुरशी मातीत बारीक धाग्यांच्या जाळ्यासारखी पसरलेली असते. मेलेली मुळे, लाकूड, शेणखत ती कुजवते आणि त्यातली अन्नद्रव्ये मातीत मोकळी करते. म्हणजे छत्र्या उगवल्या म्हणून गवतावर रोग पडला, असे नव्हे. बुरशीनाशक फवारण्याचीही गरज नसते. माती वाळली, की छत्र्या आपोआप जातात.

हिरवळीत येणारी एक विषारी जात मात्र ओळखून ठेवावी. तिचे शास्त्रीय नाव क्लोरोफायलम मोलिब्डाइट्स. टोपी पांढरी, वीतभरही रुंद होणारी, वर तपकिरी खवले, देठाभोवती कडे. टोपीखालचे पापुद्रे आधी पांढरे, नंतर हिरवट राखाडी होतात. पूर्ण उमललेली टोपी पांढऱ्या कागदावर पालथी ठेवून भांड्याने रात्रभर झाकली, तर कागदावर हिरवट भुकटी पडते. ते तिचे बीजाणू. ही छत्री पोटात गेल्यास साधारण एक ते तीन तासांत जोरदार उलट्या-जुलाब सुरू होतात. पण भुकटी हिरवी नाही म्हणजे छत्री खाण्याजोगी, असा अर्थ मुळीच काढू नये. अतिविषारी अमॅनिटांची भुकटी पांढरीच असते.

चांदीचे नाणे किंवा लसूण काळा पडतो का, किडे ती खातात का, या घरगुती कसोट्या निरुपयोगी आहेत. अमॅनिटाच्या काही जातींचे विष शिजवूनही जात नाही. त्रास सहा ते चोवीस तासांनी सुरू होतो, मध्येच रुग्णाला बरे वाटते आणि तेवढ्यात यकृत निकामी होत जाते. वारुळावरची अळिंबी जुनी जाणती माणसे ओळखून आणतात. अंगणातल्या छत्रीला तो न्याय लावू नये.

नुसत्या स्पर्शाने विषबाधा होत नाही; हात धुतले की पुरे. घरात रांगते मूल किंवा कुत्रा असेल, तर छत्र्या रोज सकाळी देठासकट उपटून टाकाव्यात, पाणी बेताने द्यावे, पुरलेले लाकूड काढावे. कोणी छत्री खाल्लीच, तर त्रास सुरू होण्याची वाट पाहू नये. घरी मिठाचे पाणी पाजून उलटी करवू नये. उरलेली छत्री कागदात गुंडाळून सोबत घ्यावी, १०८ला फोन करावा आणि ती किती वाजता खाल्ली, हे डॉक्टरांना सांगावे.