पाणी पिणारी लेन्स

लेन्सच्या द्रावाची बाटली महाग पडते. तेव्हा पाणी उकळून, गार करून, त्यात चिमूटभर मीठ घालून लेन्स ठेवल्या तर काय बिघडले, असे एका वाचकांनी पत्राने विचारले आहे. प्रश्न वाटतो तितका भाबडा नाही. १९८० च्या दशकात अमेरिकेतील पुष्कळ सुशिक्षित मंडळी मिठाच्या गोळ्या ऊर्ध्वपातित पाण्यात विरघळवून हाच उद्योग करीत होती, आणि अकँथअमीबा नामक एकपेशीय जीवामुळे होणाऱ्या दुर्धर नेत्ररोगाचा माग काढीत निघालेले वैद्यक अखेर या घरगुती खारट पाण्यापाशीच येऊन पोहोचले.

मऊ लेन्सला पाण्याचा लोभ उपजतच असतो, आणि त्याचे श्रेय प्रागच्या ओट्टो विख्टर्ले या रसायनज्ञाकडे जाते. आपल्या वजनाचा तिसऱ्या हिश्श्याहून अधिक भाग पाणीच असलेले एक पारदर्शक बहुवारिक त्याने द्राहोस्लाव्ह लीम या सहकाऱ्यासह सिद्ध केले. परंतु त्यापासून लेन्स घडविण्याचे काम निष्फळ ठरवून सरकारने ते त्याच्या संस्थेत बंद पाडले, तेव्हा या गृहस्थाने १९६१ च्या नाताळात, मुलाच्या 'मेर्कुर' नामक खेळण्यातील पट्ट्या आणि चाके, सायकलचा डायनॅमो आणि घंटेचा ट्रान्सफॉर्मर एवढ्या सामग्रीवर घरीच एक यंत्र उभारले, फिरत्या साच्यात द्रव ओतला, आणि लेन्सचा घाट केंद्रोत्सारी प्रेरणेकडून घडवून घेऊन पहिल्या चार मऊ लेन्स हस्तगत केल्या. (प्रयोगशाळेच्या अनुदानासाठी अर्जांवर अर्ज खरडणाऱ्यांनी ही यादी दप्तरी ठेवावी.) पुढे त्याच्या अपरोक्ष पेटंटचे हक्क एका अमेरिकन कंपनीस विकले गेले, १९७१ मध्ये तेथील सरकारने या लेन्सना परवाना दिला, आणि १९६८ च्या 'प्राग वसंत' या राजकीय सुधारणांच्या चळवळीला पाठिंबा दिल्याबद्दल विख्टर्लेला संस्थेचे संचालकपद मात्र गमवावे लागले. आज लेन्सच्या खोक्यावर कारखान्याचे नाव ठळक असते. विख्टर्लेचे कोठेही नसते.

पाण्याच्या या लोभामुळेच नळाचे पाणी लागताच लेन्स फुगते, बुबुळाला चिकटते, आणि पृष्ठावर बसलेल्या जीवांना तेथे वस्ती करण्यास पुरेसा अवधी मिळतो. अकँथअमीबा मातीत, तलावात, गच्चीवरील टाकीत, सर्वत्र असतो. परिस्थिती प्रतिकूल झाली की तो दुहेरी भिंतीचे कवच धारण करून स्वस्थ बसतो, आणि नळाच्या पाण्यातील क्लोरिनची त्या कवचापुढे मात्रा चालत नाही. उकळीने तो मरतो हे खरे; परंतु गार होताना, भांड्यातून भांड्यात ओतताना पाण्यात त्याचा पुन्हा शिरकाव होऊ शकतो, आणि मीठ जंतू मारीत नाही, डोळ्याला झोंबू नये एवढीच त्याची कामगिरी. आपल्या देशात या रोगाचे बहुसंख्य रुग्ण लेन्स न वापरणारे, डोळ्यात माती अथवा पालापाचोळा गेलेले असतात, हेही येथे नमूद केले पाहिजे. म्हणजे सारा दोष लेन्सच्या माथी मारणे अन्यायाचे होईल.

लेन्सच्या डबीत उरलेला कालचा द्राव ओतून न टाकता त्यावरच ताजा घालणे ही दुसरी सार्वत्रिक चूक. शिळा द्राव ताज्यात विरजणाचे काम करतो, आणि डबीच्या तळाशी जंतूंचा चिकट थर जमू लागतो. हात साबणाने धुऊन कोरडे करावेत, लेन्स तळहातावर ताज्या द्रावात बोटाने हळुवार चोळावी (चोळण्याची गरज नाही अशी जी जाहिरात काही काळ झाली, तिच्यावर माझा कधीच विश्वास बसला नाही), डबी द्रावानेच धुऊन पालथी घालून वाळवावी, आणि तीन महिन्यांची मुदत सरताच ती टाकून द्यावी. हायड्रोजन पेरॉक्साइडचा द्राव वापरणाऱ्यांनी त्यासोबतचीच प्लॅटिनमयुक्त डबी घ्यावी, आणि पेरॉक्साइडचे पाणी व प्राणवायू होईपर्यंत, म्हणजे सुमारे सहा तास, लेन्स बाहेर काढू नये. एरवी डोळ्याची आग आग होते.

एवढे करूनही डोळा लाल झाला, दुखू लागला, उजेड सहन होईना, तर लेन्स तत्काळ काढून नेत्रतज्ज्ञाकडे जावे, आणि जाताना ती लेन्स व डबी, लाजेखातर धुऊन न टाकता, आतल्या द्रावासकट सोबत न्यावी. कारण कोणत्या जीवाने हा उपद्रव केला याचा तपास पुष्कळदा त्या डबीतूनच लागतो.