दोन पर्जन्यमापकांमधला पाऊस

2019 च्या पावसाळ्यात मुकुंदवाडीच्या रेल्वे स्थानकावर शाळकरी मुलं रिकामे हंडे आणि कॅन घेऊन गाडीत चढायची. तेव्हाच्या औरंगाबाद, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगर स्थानकावर उतरायचं, पाणी भरायचं आणि परतीच्या गाडीनं घरी यायचं. जाऊन-येऊन 14 किलोमीटर. वृत्तसंस्थांनी ही छायाचित्रं जगभर पोहोचवली. त्याच ऑगस्टमध्ये मुकुंदवाडीजवळच्या चिकलठाणा विमानतळावरून कृत्रिम पावसासाठी ढगांत रसायन फवारणारं विमान उडू लागलं. ढगांचा माग काढायला विभागीय आयुक्तालयाच्या इमारतीवर रडार बसवलं होतं.

त्या फवारणीनं पाऊस पडला का, हा प्रश्न साधा वाटतो. पण ‘विमान गेलं आणि नंतर पाऊस आला’ हे त्याचं उत्तर होऊ शकत नाही. फवारणी झाली नसती तर त्या ठिकाणी किती पाऊस पडला असता, हे आधी कळायला हवं. शिवाय ढग जिथं बरसतो, तिथं पर्जन्यमापक असेलच असं नाही. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेनं सोलापूर परिसरात हा प्रश्न काटेकोरपणे हाताळला. 276 ढगांपैकी कोणत्या ढगात फवारणी करायची आणि कोणता तसाच सोडायचा, हे यादृच्छिक पद्धतीनं ठरवलं. सुमारे 100 चौरस किलोमीटर क्षेत्रात सरासरी 18 टक्के जास्त पाऊस झाल्याचा निष्कर्ष त्यातून निघाला.

मोजलेल्या ठिकाणांवरून न मोजलेल्या ठिकाणाबद्दल बोलण्याचं हे शास्त्र म्हणजे स्पेशियल स्टॅटिस्टिक्स, मराठीत अवकाशीय संख्याशास्त्र. गणित किंवा संख्याशास्त्रात एम.एस्सी. करून पीएच.डी.चा विषय शोधणाऱ्या मराठवाड्यातल्या मुलामुलींसाठी याहून जवळचा आणि गरजेचा विषय मला दुसरा दिसत नाही.

एका मापकावर दीडशे चौरस किलोमीटर

महाराष्ट्रात ‘महावेध’ प्रकल्पातून महसूल मंडळांच्या पातळीवर स्वयंचलित हवामान केंद्रं बसली. त्यांची संख्या दोन हजारांहून अधिक आहे. तापमान, आर्द्रता, वाऱ्याचा वेग, वाऱ्याची दिशा आणि पाऊस यांची नोंद ती ठेवतात. राज्याचं क्षेत्रफळ सुमारे 3 लाख 7 हजार चौरस किलोमीटर आहे. म्हणजे ढोबळमानानं दीडशे चौरस किलोमीटरला एक केंद्र. हवामान खात्याच्या साध्या पर्जन्यमापकाचं तोंड 200 चौरस सेंटिमीटरचं असतं. दीडशे चौरस किलोमीटर हे क्षेत्र त्याच्या 750 कोटी पट भरतं.

शितावरून भाताची परीक्षा होते, कारण पातेल्यातला भात सगळीकडे सारखा शिजलेला असतो. मराठवाड्यातला पाऊस तसा नसतो. बंगालच्या उपसागरातला कमी दाबाचा पट्टा सरकत आला तर जिल्हेच्या जिल्हे एकदम भिजतात. पण जूनच्या सुरुवातीचा किंवा परतीचा गडगडाटी पाऊस काही किलोमीटर रुंदीच्या ढगातून पडतो. तेव्हा ओढ्याच्या अलीकडच्या शिवारात पाणी साचतं आणि पलीकडच्या शिवारात धूळ उडत असते. शेतकऱ्याला हे कुणी शिकवावं लागत नाही. पण सरकारी नोंदीत दोन्ही शिवारं एकाच मंडळात असतात आणि दोघांच्या नावावर एकच आकडा लागतो.

त्या आकड्यावर बरंच काही अवलंबून असतं. 24 तासांत 65 मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस हा मंडळातल्या अतिवृष्टीचा निकष आहे. समजा मंडळाच्या केंद्रावर 61 मिलिमीटर नोंद झाली. तिथून आठ किलोमीटरवरच्या सोयाबीनच्या शेतात गुडघाभर पाणी आहे. त्या शेतावर खरोखर किती पाऊस पडला असेल? तो 65 च्या वर गेला असण्याची शक्यता किती? हा प्रश्न शेतकऱ्याचा आहे, तलाठ्याचा आहे, विमा कंपनीचाही आहे. त्याचं उत्तर देण्याची रीत गणितात आहे.

सोन्याच्या खाणीतून आलेलं गणित

ही रीत सोन्याच्या खाणीत घडली. दक्षिण आफ्रिकेच्या विटवॉटर्सरँड भागात खोल छिद्रं पाडून खडकातल्या सोन्याचं प्रमाण मोजलं जाई. दोन छिद्रांच्या मधल्या खडकात किती सोनं असेल, हे डॅनी क्रिग या खाण अभियंत्याला ठरवायचं होतं. 1951 मध्ये पदव्युत्तर प्रबंधात त्यानं त्याची पद्धत मांडली. फ्रान्सच्या जॉर्ज मॅथेराँ यांनी 1960 च्या दशकात तिला पक्की गणिती बैठक दिली आणि क्रिगच्या नावावरून ती क्रिगिंग म्हणून ओळखली जाऊ लागली. त्याच सुमारास लेनिनग्राडमध्ये लेव्ह गँडिन हवामानाच्या नोंदींवर काम करता करता जवळपास त्याच गणितापर्यंत स्वतंत्रपणे पोहोचले. स्वीडनच्या बर्टिल मॅटर्न यांनी जंगलांची पाहणी करताना हाच विषय घेतला. 1960 चा त्यांचा पीएच.डी.चा प्रबंध या शास्त्रात आजही पायाभूत मानला जातो.

कल्पना अशी. राज्यात 2,000 पर्जन्यमापक असतील तर त्यांच्या जवळपास 20 लाख जोड्या होतात. प्रत्येक जोडीतलं अंतर आणि दोन नोंदींमधला फरक घ्यायचा. अंतर वाढेल तसा फरक किती वाढतो, याचा आलेख काढायचा. याला व्हेरिओग्राम म्हणतात. जवळच्या नोंदी एकमेकींशी मिळत्याजुळत्या असतात. अंतर वाढतं तसं साम्य कमी होतं आणि एका टप्प्यानंतर दोन नोंदींचा एकमेकींशी काही संबंध उरत नाही. हा टप्पा किती किलोमीटरवर येतो, हे त्या पावसाच्या जातीवर ठरतं. कमी दाबाच्या पट्ट्याच्या पावसात तो लांब असतो, वळवाच्या पावसात जवळ.

एकदा हा आलेख हाती आला की न मोजलेल्या शेतासाठी भोवतीच्या नोंदींना वजनं देता येतात. जवळच्या मापकाला जास्त, लांबच्याला कमी, हे कुणालाही सुचेल. क्रिगिंग त्यापुढे जातं. दोन मापक एकमेकांना चिकटून असतील तर ते जवळपास तीच माहिती पुन्हा सांगतात, म्हणून दोघांना मिळून जवळपास एकाएवढंच वजन दिलं जातं. आणि मुख्य म्हणजे अंदाजासोबत त्या अंदाजातली संभाव्य चूकही मिळते. ‘या शेतावर 70 मिलिमीटर’ एवढंच न सांगता, 65 च्या वर पाऊस झाल्याची शक्यता किती हेही सांगता येतं. पंचनाम्याच्या वेळी नेमकी हीच माहिती लागते.

या वाटेवर पुण्यात मोठं काम झालं आहे. हवामान खात्याच्या पुणे कार्यालयातले डी. एस. पै आणि त्यांचे सहकारी यांनी 2014 मध्ये 1901 पासूनच्या दैनंदिन पावसाचा जाळीदार नकाशा प्रसिद्ध केला. त्यामागे देशभरातल्या 6,955 पर्जन्यमापकांच्या नोंदी आहेत. या नकाशाचा एकेक चौकोन पाव अंशाचा, म्हणजे आपल्या भागात साधारण 700 चौरस किलोमीटरचा आहे. मोसमी पावसाच्या अभ्यासाला तो अमोल आहे. पण एका चौकोनात चार-पाच मंडळं मावतात. शेतापर्यंत उतरायचं काम अजून बाकी आहे.

सुखात्मे यांचा वारसा

मराठी माणसाला हा प्रश्न नवा नाही. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावी 1911 मध्ये जन्मलेले पां. वा. सुखात्मे 1936 मध्ये लंडनहून संख्याशास्त्रात पीएच.डी. घेऊन परतले. देशात किती धान्य पिकतं हे तेव्हा नजरअंदाजानं ठरवलं जाई. सुखात्मे यांनी यादृच्छिकपणे निवडलेल्या शेतांत ठरावीक मापाचा तुकडा आखून, तेवढंच पीक कापून, मळून, तोलण्याच्या पीक कापणी प्रयोगांना देशभर शिस्त लावली. तुकडा किती मोठा असावा यावरून त्यांचा आणि प्रशांतचंद्र महालनोबिस यांचा गाजलेला मतभेद झाला. महालनोबिस यांना लहान तुकडे पुरेसे वाटत होते. तुकडा फार लहान असला की कापणारा माणूस हद्दीवरची रोपं आत धरतो आणि उत्पन्न फुगतं, हे सुखात्मे यांनी प्रत्यक्ष मोजून दाखवलं. वि. गो. पानसे यांच्यासोबत 1954 मध्ये आलेलं त्यांचं कृषी संख्याशास्त्रावरचं पुस्तक पिढ्यान्‌पिढ्या शिकवलं गेलं.

महालनोबिस यांनीही बंगालच्या तागाच्या पाहणीत, शेजारच्या शेतांमध्ये साम्य असतं आणि ते अंतरानुसार घटतं, हे ओळखलं होतं. 1944 च्या त्यांच्या निबंधात त्याचं गणित आहे. क्रिगच्या प्रबंधाआधी सात वर्षं. या शास्त्राचा एक पाया भारतीय शेतात घातला गेला आहे.

पीएच.डी.त करायचं काय?

सगळं गणित तयारच असेल तर संशोधन कशाचं, असं कुणी विचारेल. मराठवाड्यातच किमान तीन अवघड प्रश्न वाट पाहत आहेत.

पहिला प्रश्न शून्याचा. क्रिगिंगचं मूळ गणित घंटेच्या आकाराच्या आलेखाला मानवतं. पण इथल्या बहुतेक दिवसांची नोंद शून्य असते आणि एखाद्याच दिवशी शंभर मिलिमीटर कोसळतो. पाऊस पडला का आणि पडला तर किती, हे दोन्ही एकाच चौकटीत बसवावं लागतं. 65 च्या पलीकडचे दिवस मुळातच विरळ असल्यानं तिथं नोंदी सर्वांत कमी आणि गरज सर्वांत जास्त असते.

दुसरा प्रश्न आकाराचा. 2,000 मापकांसाठी 40 लाख संख्यांचा तक्ता सोडवावा लागतो. मापक दुप्पट झाले की काम आठपट होतं. त्यात पावसाळ्याचे 122 दिवस मिळवले की नोंदी जवळपास अडीच लाख होतात आणि सरळ रीत चालेनाशी होते. प्रत्येक नोंदीसाठी मोजकेच शेजारी विचारात घेण्याची युक्ती 1988 मध्ये वेक्किया यांनी सुचवली. 2016 मध्ये अभिरूप दत्ता, सुदीप्तो बॅनर्जी आणि सहकाऱ्यांनी तिचं मोठ्या माहितीसाठी चालणारं प्रारूप बनवलं. पण कोणते शेजारी खरे शेजारी मानायचे, हे बालाघाटच्या डोंगररांगेत आणि गोदावरीच्या खोऱ्यात वेगवेगळं ठरेल. तिथं स्थानिक माहिती लागते.

तिसरा प्रश्न जमिनीखालचा. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते. आपला खडक बेसाल्टचा, थरांचा आणि भेगांचा. एका बांधावरच्या विहिरीला पाणी आणि शेजारची कोरडी, हे इथं नेहमीचं आहे. जवळचं ते सारखं हा नियमच भेगेपाशी तुटतो. हे तुटणं गणितात मांडणं म्हणजे नवं संशोधन, आणि त्याचा उपयोग टँकर कोणत्या वाडीला कधी लागेल हे आधी सांगण्यापर्यंत पोहोचतो.

जागा इथंच हवी

या कामाला प्रयोगशाळा लागत नाही. आर ही संगणकीय भाषा आणि तिची अवकाशीय विश्लेषणाची साधनं मोफत आहेत. एक बरा संगणक पुरतो. पीएच.डी.ला किमान तीन, कमाल सहा वर्षं मिळतात. जेआरएफची फेलोशिप 2023 पासून महिना 37 हजार रुपये आहे. बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्याही फेलोशिप आहेत. छत्रपती संभाजीनगर शहरात 1958 पासून विद्यापीठ आहे. पाणी आणि जमिनीच्या व्यवस्थापनाचं प्रशिक्षण देणारी वाल्मी ही संस्था आहे. चिकलठाण्याला हवामान खात्याची वेधशाळा आहे. प्रश्नही इथलाच आहे.

दोन गोष्टी व्हायला हव्यात. महसूल मंडळांच्या पावसाच्या आणि निरीक्षण विहिरींच्या सर्व जुन्या नोंदी, केंद्रांच्या अक्षांश-रेखांशासह, एका जागी आणि संगणकाला वाचता येतील अशा रूपात संशोधकांना खुल्या झाल्या पाहिजेत. आणि विद्यापीठानं संख्याशास्त्र, भूगोल आणि भूशास्त्र या विभागांचे मार्गदर्शक एकत्र आणून या विषयासाठी संशोधनाच्या जागा राखल्या पाहिजेत. ‘पेट’ या पीएच.डी. प्रवेश परीक्षेची तयारी करणाऱ्यांनो, विषय निवडताना परदेशी निबंधांतली उदाहरणं जरूर वाचा, पण माहिती आपल्या तालुक्याची घ्या. 65 मिलिमीटरच्या रेषेच्या अलीकडे राहिलेल्या शेतकऱ्याला त्या प्रबंधाची गरज आहे, आणि तो लिहायला त्या शिवाराची ओळख असलेला संशोधकच लागेल.