शहाडच्या शेजारच्या स्टेशनातल्या दोघी

शहाडहून मुंबईकडे लोकल निघाली की पहिलं स्टेशन कल्याण. या गावाशी जोडलेली दोन नावं आपल्या प्रत्येक मुलीला ठाऊक हवीत.

🔸 डॉ. आनंदीबाई जोशी: जन्म ३१ मार्च १८६५, कल्याण. नवव्या वर्षी लग्न. चौदाव्या वर्षी बाळ झालं, पण उपचारांअभावी दहा दिवसांत गेलं. तेव्हाच त्यांनी डॉक्टर व्हायचं ठरवलं. १८८६ मध्ये अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातून एम.डी. झाल्या. पुढच्याच वर्षी क्षयाने त्यांचं निधन झालं. आज शुक्र ग्रहावरच्या एका विवराला त्यांचं नाव आहे.

🔸 सुरेखा यादव: मूळच्या साताऱ्याच्या. कल्याणच्या रेल्वे प्रशिक्षण शाळेत शिकून आशियातल्या पहिल्या महिला रेल्वेचालक झाल्या. मालगाडी, लोकल, घाटातली गाडी सगळं चालवलं. ८ मार्च २०११ ला डेक्कन क्वीन, तर २०२३ मध्ये वंदे भारत त्यांच्या हाती होती.

सन्मान हवाच, पण समता नियमांतूनही येते. महाराष्ट्राने १९९४ मध्ये महिला धोरण आणलं. २०११ पासून स्थानिक स्वराज्य संस्थांत महिलांना निम्म्या जागा आहेत. म्हणजे उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरच्या सभागृहांतही.

म्हणून यंदा ८ मार्चला शाल-श्रीफळ द्याच, पण सोबत आपल्या नगरसेविकेला थेट भेटा. स्टेशनाबाहेरचे दिवे, स्वच्छ स्वच्छतागृह, मुलींसाठी अभ्यासिका मागा. प्रश्न तिलाच विचारा, तिच्या नवऱ्याला नव्हे!

#शहाड #कल्याण #महिलादिन