घोडेस्वार घडवतो तो घोडाच!

पनवेलकरांनो, घोडेस्वारीची आवड असेल तर माथेरान आपल्या अगदी जवळ आहे. मोटारबंदीमुळे तिथे दस्तुरी नाक्याच्या पुढे घोडे आजही रोजच्या वाहतुकीसाठी वापरले जातात. लाल मातीची, चढउताराची वाट त्यांना पाठ असते. म्हणूनच नवख्याने लगाम सैल सोडून फक्त शरीराच्या तोलाकडे लक्ष द्यावं. चढाला किंचित पुढे झुकायचं, उताराला सरळ बसायचं आणि टाच खाली ठेवायची. पक्की मांड इथेच बसायला लागते.

याच्या पुढची शिकवण देतो तो शर्यतीतून निवृत्त झालेला घोडा. मुंबई-पुण्याच्या राइडिंग क्लबांत असे घोडे बरेच असतात. शर्यतीत लगाम ताणलेला असताना पळायची त्यांना सवय असते. त्यामुळे घाबरून लगाम खेचत राहिलात, तर काही घोडे उलट वेग वाढवतात! इथे हात हलका ठेवायचा आणि थांबण्याचा इशारा बैठकीतून, श्वासातून द्यायचा. माझ्या मते यापेक्षा चांगला गुरू नाही.

स्वार घडवणाऱ्या घोड्याचं श्रेय मोठ्या स्पर्धांतही विसरू नये. २०२३च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत भारताने ड्रेसाज या घोडेस्वारी प्रकाराचं सांघिक सुवर्ण जिंकलं. घोडेस्वारीतलं ते ४१ वर्षांनंतरचं पहिलं सुवर्ण. त्या संघात मुंबईचा हृदय छेडा होता आणि त्याच्यासोबत 'केमएक्सप्रो एमराल्ड' हा घोडा. पदकाच्या बातमीत घोड्याचंही नाव यायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

माथेरानला जाल तेव्हा घोडा थकलेला किंवा लंगडत असेल, तर त्यावर बसू नका. आणि उतरल्यावर त्याला पाणी मिळालं का, हे घोडेवाल्या दादांना जरूर विचारा.